विशाखाचा ऊनझिरा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी अकोटच्या बसस्टँडवर परतवाड्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. लेकीकडे चार दिवस राहून परत निघाले होते. एका हातात तिनं दिलेली लोणच्याची बरणी, खांद्यावरच्या पर्समध्ये फोन वाजतोय आणि काढता काढेना. मिलिंद हा विशाखाचा धाकटा भाऊ, अकोल्याला असतो. शेवटचे दोन-अडीच महिने विशाखा त्याच्याकडेच होती. "सुमनताई..." एवढंच तो म्हणाला आणि थांबला. त्या थांबण्यातच मला सगळं कळलं. तरी मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "सकाळी. चहा मांगतला तिनं. माह्या बायकोनं आणेपर्यंत..." समोर माझी गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी तिच्यात चढले नाही. पलीकडच्या अकोल्याच्या गाडीत जाऊन बसले, आणि बरणी मांडीवर घट्ट धरून सबंध रस्ता विशाखाचं शेवटचं बोलणं आठवायचा प्रयत्न करत राहिले. ते काही केल्या आठवेना. आठवत होता तो तिचा आवाज, वर्गात बोलायची तो नव्हे, झिऱ्याच्या काठावर उकिडवी बसून स्वतःशीच बोलायची तो.

परतवाडा-अचलपूरच्या कितीतरी घरांत विशाखाचे विद्यार्थी आहेत. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. कडक बाई. प्रयोगशाळेत चप्पल घालून आलेल्या पोराला ती सरळ घरी पाठवायची. पण माझ्या सासरच्या गावात तिला कोणी प्राध्यापक म्हणून ओळखत नव्हतं. तिथं ती "झिऱ्यावाली मॅडम" होती. आमचं गाव पहाडाच्या पायथ्याशी आहे. गावाबाहेर नाल्याच्या काठाला, दोन काळ्या खडकांच्या फटीतून गरम पाणी येतं. थंडीच्या दिवसांत सकाळी त्याच्यावर वाफ धरलेली दिसते आणि काडेपेटीची काडी विझवल्यावर येतो तसा वास येतो. गाव त्याला ऊनझिरा म्हणतं. वर एक दगडी कुंड आहे, त्यातून वाहणारं पाणी खालच्या लहान कुंडात पडतं, तिथून नाल्यात. काठावर शेंदूर फासलेली देवी आहे. खरूज, नायटा, गुडघ्यांचं दुखणं, कशावरही या पाण्याचा गुण येतो अशी आमच्या भागातली समजूत. माघ महिन्यात लहानशी जत्रा भरते, तेव्हा पार अकोट-तेल्हाऱ्याकडून माणसं येतात. विशाखा त्या झिऱ्याकडे पहिल्यांदा आली ती अशीच, आईचं बोट धरून, गुण यावा म्हणून.

हे तिनं मला अमरावतीला वसतिगृहात असताना सांगितलं. आम्ही दोघी एका खोलीत. मी मराठी घेऊन बी. ए. करत होते, ती बी. एस्सी. पहिल्या दिवशी खोलीत आल्या आल्या तिनं ट्रंक खाली ठेवली, दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "हे कोड हाये. लागत नाई कोणाले. तुले चालत नसन तर आत्ताच सांग, मी वॉर्डनले सांगतो." बोटांवर, मनगटांवर, कोपरापर्यंत पांढरे डाग होते. ओठाच्या एका कोपऱ्यातही. मी गोंधळून म्हटलं, "मला खिडकीजवळची खाट पाहिजे." ती म्हणाली, "घे ना. मले उजेड सहनच होत नाई जास्त." एवढ्यावर आमची मैत्री सुरू झाली. ती कायम अर्ध्या बाहीचे ब्लाऊज घालायची. पूर्ण बाहीचा शिवून घे, असा सल्ला तिला बायका आयुष्यभर देत राहिल्या, आणि ती "उकडते" म्हणून तो आयुष्यभर उडवून लावत राहिली.

तिचे वडील अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पाचवीत असताना तिच्या बोटावर पहिला डाग आला. आईनं सरकारी दवाखाना केला, वैद्य केला, आणि मग कोणीतरी ऊनझिऱ्याचं नाव सांगितलं. घर बौद्धांचं, देवीबिवीला हात जोडणारं नव्हे. पण आई म्हणाली, देवीचं मले काय करायचं, मले पाण्याशी काम हाये. पाच-सात रविवार त्या दोघी एस.टी.नं परतवाड्याला आणि तिथून पुढे मिळेल त्या बैलगाडीनं किंवा पायी आल्या. पहिल्याच रविवारी वरच्या कुंडाच्या काठावर बसून लोट्यानं अंघोळ करत असलेल्या एका म्हातारीनं त्यांना अडवलं. "खालतं जा वं बाई, पोरीले घेऊन खालतं जा." आईनं लेकीला खालच्या कुंडावर नेऊन घातली अंघोळ. विशाखा सांगायची, "डाग पाहून म्हणे का जात पाहून म्हणे, ते मले अजून समजलं नाई. मायनंही सांगतलं नाई." पण त्या दिवशी तिला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. खालचं पाणी वरच्यापेक्षा कमी गरम होतं. अडवण्याआधी तिनं वरच्या पाण्यात हात घालून पाहिला होता, त्यात बोट ठरत नव्हतं. खाली मात्र मजेत बसता येत होतं. तिनं आईला विचारलं, "माय, पाणी तं तेच हाये, मंग एवढ्याशा जागेत त्याची ऊन कुठी गेली?" आई म्हणाली, "हवेनं खाल्ली." परत जाताना सबंध वाट ती पोर हवेनं ऊन कशी खाल्ली याचाच विचार करत होती. डाग काही गेले नाहीत. उलट वाढले. आईनं एका रविवारी नाद सोडला, पण लेकीनं सोडला नाही.

माझं लग्न त्या गावात ठरलं हा निव्वळ योगायोग. पत्रिका पाहून विशाखा इतकी आनंदली की जणू नवरदेव तिनंच शोधला होता. "सुमे, तुह्या सासरपासून माहा झिरा हाकेवर हाये!" लग्न सासरच्याच गावात लागलं, आणि मंगलाष्टकं सुरू असताना ती मांडवात नव्हती. दुपारी पदर भिजवून, धापा टाकत जेवायच्या पंगतीला आली. पुढं तिला परतवाड्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आमच्याकडे यायची, हे ठरूनच गेलं. आधी झिऱ्यावर, मग आमच्या घरी. पिशवीत कापडात गुंडाळलेलं लांब थर्मामीटर, एक पितळी लोटा, पाण्याच्या दोन-चार रिकाम्या बाटल्या. चप्पल काठावर काढायची. गावातल्या बायांना वाटे, मॅडमचाही भाव बसला देवीवर. एकीनं तसं विचारलं तर म्हणाली, "नाई व माय, चपलेनं पाणी घाण होते." आधी पालथा हात पाण्यावर धरायची, मग थर्मामीटर. लोटा धारेखाली धरून तो किती वेळात भरतो ते पाहायची. चव घ्यायची. खडकावर धरलेली हिरवट साय बोटानं खरवडून नाकाशी न्यायची. आमच्या सासूबाई आधी हसायच्या, पुढे तेच विचारायच्या, "काय म्हनते वं आज तुहा झिरा?" ती जेवता जेवता सांगायची, पाऊस झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी धार कशी जोर धरते, पण ऊन तीच कशी राहते... "म्हणजे हे वरचं पाणी नाई, मामीजी. लय खालून, लय वर्षांनी येते. तुमच्या सासूच्या सासूच्या वक्ताचा पाऊस असन तो." सासूबाईंना हे फार आवडलं होतं. आल्यागेल्याला त्या सांगत, आमच्या झिऱ्यात जुना पाऊस हाये.

तिच्या लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलगा अमरावतीचा, शिकलेला, त्याची काही हरकत नव्हती. त्याच्या बहिणींची होती. तिनं मला ते सांगितलं दोन वाक्यांत, आणि तिसरं वाक्य झिऱ्यावर नवीन फरशा बसवून राहिले त्याबद्दल होतं. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटतं, तिला तिसऱ्या वाक्याची गरज असावी.

वर्षं गेली तसा झिऱ्याचा काठ बदलला. दगडांच्या जागी फरशी आली, फरशीवरून माणसं घसरू लागली. बायांसाठी आडोसा झाला, ते चांगलं झालं. शाम्पूच्या पुड्या, साबणाचे कागद, अलीकडे मोबाइल वर धरून खालच्या कुंडात उड्या मारणारी पोरं. विशाखा पुड्या वेचून पिशवीत भरायची आणि पोरांना रागवायची. पाणी मात्र होतं तसंच होतं. ती म्हणायची, "माणूस एवढं एकसारखं राहून दाखवीन का?" आणि मग एका हिवाळ्यात ते पाणी निवायला लागलं.

ते साल आमच्या घराला विसरता येणार नाही. त्याच्या आधी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि आमची संत्र्याची बाग माना टाकत होती. माझे यजमान दिनकरराव यांनी बागेत नवीन बोअर घेतला, झिऱ्यापासून फार लांब नाही. पाणी लागलं, आणि ते कोमट लागलं. विशाखा धावत पाहायला आली, हात घालून हसली, पण घरी चहा पिताना गप्प होती. त्याच उन्हाळ्यात सरकारी योजनेतून झिऱ्याच्या खालच्या अंगाला नाल्यावर बंधाराही झाला. पावसाळा सरला की त्यात लोखंडी पाट्या बसवून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी पाट्या काढून घ्यायच्या, असा तो बंधारा. गावाला त्याचा केवढा आनंद झाला. नाल्यात दिवाळीनंतरही पाणी दिसत होतं. आणि त्याच हिवाळ्यात ऊनझिऱ्यावरची वाफ गेली. माघातल्या जत्रेला आलेली माणसं कोमट पाण्यात पाय घालून एकमेकांकडे पाहत राहिली. कोणी म्हणालं, देवी कोपली. सरपंचांनी विशाखाला ग्रामसभेला बोलावलं. मॅडम एवढ्या वर्षांपासून पाहून राहिल्या, त्याईले माहीत असन.

मी त्या सभेला होते, बायांमध्ये मागे बसले होते. विशाखा उठली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मले वाटते, बोअरनं झालं. झिऱ्याचं आन् त्या बोअरचं पाणी एकच असावं." नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तिथं त्या अंगाला बोअर आमचाच होता. दिनकरराव ताडकन उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी आमचा पाइप कोणीतरी कापला. देवीचं पाणी बागेले देल्लं, असं लोक तोंडावर म्हणू लागले. सासूबाईंना भजनाला बोलावणं बंद झालं. शेवटी यजमानांनी स्वतःच मोटर काढून घरात आणून ठेवली. रात्रंदिवस राबून वाढवलेली झाडं... चैत्रात पानं वळायला लागली, वैशाखात अर्धी बाग उभीच्या उभी वाळली. त्या दिवसांत ते जेवताना फक्त एकदा बोलले. "माह्या घरचा चहा पिऊन गेली ती बाई." विशाखा यायची ती झिऱ्यावर, आणि तिथूनच परत जायची. मी तिला अडवलं नाही आणि बोलावलंही नाही. फोनवर आम्ही बोलायचो, प्रकृतीचं, पोरांचं. बागेचं नाव दोघीही काढत नव्हतो.

ज्येष्ठ लागला, बंधाऱ्याच्या पाट्या निघाल्या, आणि काही दिवसांत झिरा पुन्हा तापला. गावानं जल्लोष केला. बोअर बंद केला, माय परत आली! सगळं विशाखाच्या म्हणण्याप्रमाणेच झालं होतं. सरपंचांनी देवीपुढे तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तिथं ती काय बोलली माहीत आहे? "जरा थांबा, मले अजून पाहू द्या." लोकांना तो विनय वाटला. आमच्या घरात ती शाल फार बोचली.

तिला काय बोचत होतं ते मला फार नंतर कळलं. पाणी निवलं तेव्हा ते कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. लोटा लवकर भरत होता, कुंडाची खालची पायरी बुडली होती, पाण्याची चव पातळ झाली होती, वास उतरला होता. बोअरनं पाणी ओढलं असतं तर धार बारीक व्हायला हवी होती. हे तिनं हिवाळ्यातच पाहिलं होतं, पण बोअरचं कोमट पाणी तिच्या डोक्यात इतकं बसलं होतं की पाहिलेलं तिनं मोजलं नाही. आता सगळं गाव तिला बरोबर म्हणत होतं आणि ती एकटी स्वतःला विचारत होती. तिनं पावसाळा जाऊ दिला. दिवाळीनंतर पाट्या बसल्या. त्या आठवड्यात ती कॉलेजातून रजा काढून दररोज झिऱ्यावर येत होती. नाल्याचं पाणी चढत चढत खडकापर्यंत आलं, आणि झिरा निवत गेला. आमचा बोअर तेव्हाही बंदच होता. मोटर आमच्या पडवीत पोत्याखाली होती.

त्या दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी शेंगा निवडत बसले होते. तिचा पदर ओला होता. "दिनकरभाऊ हायेत का?" यजमान आतून आले आणि तिला पाहून जागीच थांबले. ती म्हणाली, "जयभीम, भाऊ." त्यांनी सवयीनं "जयभीम" म्हटलं. मग ती उभ्या उभ्याच बोलली. "तुमच्या बोअरनं काही झालं नाई. बंधाऱ्यात पाणी चढलं का ते थंड पाणी खडकातून झिऱ्यात उतरते. माहं चुकलं. घाईनं बोलली मी. तुमची झाडं माह्यामुळं वाळली." सासूबाई आतून येऊन दाराला धरून उभ्या राहिल्या. यजमानांनी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मले सांगून काय फायदा, ताई? ज्याईले सांगतलं त्याईले सांगा." विशाखा म्हणाली, "तिथीच चालली. पहिले तुमाले सांगाले पाह्यजे होतं." तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती वळली तशा सासूबाई म्हणाल्या, "सुमन, जाय तिच्यासंगं. एकटी काहून जाऊन राहिली ते?"

पंचायतीच्या चावडीत त्या संध्याकाळी माणसं जमली, ती काही तिचं कौतुक करायला नाही. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, लोट्याचं, पायरीचं, चवीचं. चुकलं हा शब्द तिनं तिथंही तसाच उच्चारला, कुठे आडोसा न घेता. एक जण हसला. "मॅडम, मांगच्या साली बोअर, अंदा बंधारा. पुढच्या साली म्हनसान सूर्यानं केलं." हशा झाला. तिचे कान लाल झालेले मला दिसले, ओठाच्या कोपऱ्यातला डाग आणखी पांढरा दिसत होता. "म्हनू शकतो," ती म्हणाली, "तसं दिसलं तर म्हनीन." मग मागून एक जण ओरडला, मंग फोडा तो बंधारा! आणि तिथं ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "काहून फोडता? तुमच्या इहिरी पाहा जाऊन. काठापर्यंत पाणी हाये. झिरा कोमट झाला तर लोकं कोमट पाण्यात पाय धुतीन. इहीर आटली तर काय करसान?" मी तिच्या शेजारी उभी होते. या बाईनं आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक पहिला रविवार ज्या पाण्याला दिला, ते पाणी तिनं त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं सोडून दिलं. घरी परतताना मी तिचा हात धरला. ती एवढंच म्हणाली, "सुमे, मले चक्कर आल्यावानी होऊन राहिलं. काही खायले दे."

बंधारा राहिला. तेव्हापासून आमचा झिरा उलटा झाला आहे. थंडीत कोमट आणि ज्येष्ठात, जेव्हा कोणाला गरम पाणी नको असतं तेव्हा, कढत. गावात त्याच्यावर विनोद आहेत. जत्रेला माणसं कमी येतात, पण येतात. यजमानांनी मोटर पुन्हा बसवली, वाळलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावली. विशाखा पुन्हा आमच्या घरी येऊ लागली. पण सगळं होतं तसं झालं, असं मी म्हणणार नाही. यजमान तिच्याशी बोलायचे ते कामापुरतं. ती आली की त्यांना बागेत काहीतरी काम निघायचं. ती ते ओळखून होती. एकदा म्हणाली, "त्याईनं लवकर माफ केलं असतं तर मलेच बरं वाटलं नसतं. झाडाले वाढाले वेळ लागते ना."

मागच्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. चार पावलांत दम लागायचा. एका सकाळी परतवाड्याच्या घरात ती एकटी असताना श्वास कोंडला, तिनं मला फोन केला, आणि मी चप्पल शोधत होते तोवर यजमानांनी गाडी काढली होती. अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस ते बाहेरच्या बाकावर बसून होते. डॉक्टरांनी "तुम्ही कोण?" विचारलं तर म्हणाले, "भाऊ होय तिचा." मिलिंद अकोल्याहून पोचला तरी ते लगेच उठले नाहीत. तिथून तिला आमच्या घरी आणलं, आणि मग मिलिंद तिला अकोल्याला घेऊन जाणार होता. जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, एकदा झिऱ्यावर न्या. मी नको म्हटलं, मिलिंदनं नको म्हटलं. यजमान घरची प्लास्टिकची खुर्ची उचलून गाडीत टाकायला गेले.

फाल्गुनातली सकाळ होती, पळस लाल झाले होते. गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढे यजमान आणि मिलिंद दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं. ती लाजत होती, "अवं, उतरवा मले, लोकं पाहून राहिले," म्हणत होती. खुर्ची वरच्या कुंडाच्या काठाला टेकवली आणि तिनं पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "दिनकरभाऊ, नवी झाडं फळावर आली का?" ते म्हणाले, "अंदा आंबिया बहार धरला, आता फुलावर हायेत. तुमाले पाठवतो ना अकोल्याले." ती म्हणाली, "आंबट असते तो." "पयल्या साली असते," ते म्हणाले. "पुढच्या साली गोड लागन." ती हसली. मी पदरानं तिचे पाय पुसले. सुरकुतलेले, पांढऱ्या-सावळ्या डागांचे, कोमट.

अकोल्याच्या घरी मी पोचले तेव्हा तिला पांढऱ्या साडीत ठेवलं होतं, अर्ध्या बाहीचा ब्लाऊज. तिचे विद्यार्थी आले होते, त्यातले काही स्वतःच आता पिकल्या केसांचे. त्रिशरण-पंचशील झालं. यजमान गावाहून थेट आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि सगळं उरकल्यावर गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी अकोटच्या पुढे एकदा गाडी थांबवली, खाली उतरून रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले. मी आत बसून राहिले.

त्यानंतरचा पहिला रविवार. माझ्या ध्यानात होतं, पण मी घरात कोणाला काही म्हटलं नाही. सकाळी यजमान न सांगता कुठेतरी गेले होते, मला वाटलं बागेत. नऊच्या सुमाराला परत आले. मी पोळ्या लाटत होते. ते मोरीशी जाऊन उभे राहिले तेव्हा पाहिलं, त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली होती आणि हात लाल झाला होता.

"कुठी गेल्ते?" मी विचारलं.

"झिऱ्यावर."

मी लाटणं ठेवलं. ते बाही पिळत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाट्या निंघाल्या ना बंधाऱ्याच्या. ऊन हाये पानी. हात ठेवू देत नाई."

"किती ऊन हाये?"

"ते तिलेच समजे," ते म्हणाले. आणि पिळलेली बाही खाली ओढत, "पन मी ठेवला."